बोटीवर दुसरी बॅटरी: राखीव म्हणून ठेवलेली राखीवच राहील अशी सोय करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 22 फुटी फायबरची बोट, मागे 115 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड, आणि सगळ्याला मिळून एकच 100 अँपिअर-अवरची बॅटरी. बोट बेलापूरला मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधून ठेवलेली असते, तिथे 230 व्होल्टचं कनेक्शन नाही. एका रविवारी घारापुरीजवळ नांगर टाकून सहा तास गळ टाकत बसलात. फिशफाइंडर, गाणी, छोटा फ्रिज सगळं चालू होतं. निघायच्या वेळी सेल्फ मारला तर नुसती टकटक. ओहोटी लागलेली. शेवटी दिवाळे गावच्या एका नाखव्याने दोर टाकून ओढत आणलं. आता दुसरी बॅटरी टाकायची आहे, आणि विचारता की 1-2-बोथचा (पहिली, दुसरी किंवा दोन्ही बॅटऱ्या हाताने निवडायचा) स्विच घ्यावा की आपोआप जोडणारा रिले, लिथियम चालेल का, आणि घरी पडून असलेली इन्व्हर्टरची ट्यूबुलर वापरली तर काय हरकत आहे.

मी नवी मुंबईच्या खाडीतल्या बोटींची वायरिंगं गेली 20 वर्षं करतोय. तुमच्यासारखे फोन दर हिवाळ्यात येतात, आणि दुसरी बॅटरी बसवून घेतल्यावरही पुन्हा अडकलेले लोक मी पाहिलेत. कारण बहुतेक वेळा एकच असतं. दुसरी बॅटरी म्हणजे जास्तीचा करंट असं समजून दोन्ही एकत्र जोडल्या जातात. मग एकाऐवजी दोन बॅटऱ्या एकदम बसतात, एवढाच फरक. तुम्हाला हवी आहे ती अशी एक बॅटरी, जिच्यावर इंजिनाच्या सेल्फशिवाय काहीही नाही. गाणी नाहीत, फ्रिज नाही, मोबाईलचं चार्जरसुद्धा नाही. हे एकदा पक्कं केलं की स्विच कुठला, रिले कुठला हे प्रश्न पुष्कळ सोपे होतात.

आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. पनवेलच्या खाडीत पाणी उतरलं की दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडतो आणि मधली वाट अरुंद होते. बंद इंजिनाची बोट ओढीबरोबर कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही, आणि चिखलात बसली की पुढची भरती येईपर्यंत सहा तास ती तिथेच. 115 चं इंजिन दोरी ओढून चालू होत नाही. म्हणून सेल्फला करंट असणं ही जिवाच्या सुरक्षेची गोष्ट मी धरतो.

आधी त्या रविवारचा हिशेब करू. 9 इंची फिशफाइंडर-प्लॉटर साधारण 2 अँपिअर खातो, सहा तासांत 12. गाण्यांचा अ‍ॅम्प्लिफायर सरासरी 5 धरा, 30 झाले. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना 4 घेतो आणि उन्हात दोन तृतीयांश वेळ चालूच राहतो, म्हणजे 16. व्हीएचएफ (बोटीचा रेडिओ) नुसता ऐकण्यावर अर्धा अँपिअर, 3. बेरीज 61 अँपिअर-अवर. लेबलवर 100 लिहिलेलं असलं तरी स्टार्टसाठी बनवलेल्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. क्षणभर मोठा करंट देणं हे त्यांचं काम. त्यांना हळूहळू, खोलवर उतरवलं की त्या लवकर मरतात. त्यात आपली उष्णता. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं तापमान कायम 8 ते 10 अंशांनी वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. बंद लॉकरमध्ये दोन मे महिने काढलेली 100 ची बॅटरी प्रत्यक्षात 60-70 देत असेल तर नवल नाही. 61 गेल्यावर सेल्फसाठी काय उरणार?

लेड-अ‍ॅसिड, मग ती पाण्याची असो की एजीएम (आतलं द्रव चटईत शोषलेली बंद बॅटरी), अर्ध्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे 61 वापरायचे तर हाउस बॅटरी (सेल्फ सोडून बाकी सगळं चालवणारी) किमान 120-130 ची डीप सायकल, म्हणजे खोलवर उतरवायला बनवलेली हवी. मी तुमच्या जागी असतो तर फ्रिज काढून बर्फाचा डबा ठेवला असता. दिवाळ्याच्या होड्या मासळीसाठी बर्फच घेऊन जातात, आणि एका दिवसाच्या फेरीला बर्फ उत्तम पुरतो. मग 100 ची एजीएम भागवते आणि वजनही आवाक्यात राहतं. 100 ची एजीएम साधारण 30 किलोची असते. दोन्ही बॅटऱ्या मागे ट्रान्समजवळ (जिथे इंजिन टांगतात ती मागची भिंत) ठेवल्या तर बोटीचा मागचा भाग बसतो आणि पाणी कापताना नाक वर राहतं. म्हणून स्टार्टची मागे आणि हाउस बॅटरी कन्सोलखाली (स्टिअरिंग असतं तिथे) ठेवा.

घरची ट्यूबुलर बोटीवर आणू नका. बॅटरी म्हणून ती चांगलीच असते, घरात दहा वेळा दिवे गेले तरी तिचं काही बिघडत नाही. पण ती उंच असते, 150 ची असेल तर वजन 50 किलोच्या पुढे, आणि आत मोकळं अ‍ॅसिड. ट्रॉम्बेच्या पुढे वारा सुटला की बोट लाटेवरून आपटते. प्रत्येक आपटीला बुचांतून अ‍ॅसिड बाहेर येणार. सेल्फला लागणारा 150-200 अँपिअरचा झटका द्यायला ती बनवलेलीही नाही, त्यामुळे ऐन वेळी तिची मदत घेतली तरी ती धापा टाकेल.

आता स्विच. जुना 1-2-बोथ गोल स्विच दिसायला सोपा आहे आणि त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. त्याची अडचण माणसाच्या सवयीची आहे. नांगर टाकला की 2 वर करायचा, निघताना 1, चालताना बोथ, पोचल्यावर ऑफ: हे चार महिने लक्षात राहतं, पाचव्या महिन्यात स्विच बोथवर राहतो आणि दोन्ही बॅटऱ्या सकाळी रिकाम्या मिळतात. शिवाय इंजिन चालू असताना चुकून ऑफवर गेलात तर आउटबोर्डच्या चार्जिंगचा रेक्टिफायर-रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) जळू शकतो. मी बदललेले कितीतरी याच कारणाने गेलेले होते.

म्हणून मी व्हीएसआर बसवतो. हा व्होल्टेज ओळखणारा रिले आहे. इंजिन चालू होऊन स्टार्टच्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण 13.4 च्या आसपास गेलं की तो टक् करून दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद झालं, व्होल्टेज 12.8 च्या खाली आलं की पुन्हा टक्, आणि दोन्ही वेगळ्या. आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात. तुम्हाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. त्याच्याबरोबर ड्युअल सर्किट स्विच घ्या: एकाच मुठीने दोन्ही बॅटऱ्या एकदम चालू होतात पण एकमेकींपासून वेगळ्या राहतात, आणि तिसरी जागा असते ती अडचणीत दोन्ही जोडण्यासाठी. ती जागा रोजच्या वापराची नाही, म्हणून तिच्यावर लाल टेप लावून ठेवतो. दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा डायोडवाला जुना आयसोलेटर मात्र घेऊ नका. डायोडमध्ये 0.6-0.7 व्होल्ट जातात आणि आउटबोर्डचा रेग्युलेटर ते भरून काढत नाही, त्यामुळे बॅटऱ्या कायम अर्धपोटी राहतात. यामाहा आणि सुझुकीच्या काही मॉडेलना दुसऱ्या बॅटरीसाठी चार्जिंगची वेगळी वायर इंजिनातूनच मिळते. तुमच्या मॅन्युअलमध्ये ती असेल तर व्हीएसआरचीही गरज नाही.

यात फसण्याची जागा म्हणजे निगेटिव्ह. दोन वर्षांपूर्वी नेरूळची एक बोट माझ्याकडे आली. मालकाने सगळं व्यवस्थित केलेलं: चांगला रिले, चांगला स्विच, पॉझिटिव्हला जाड केबल. खाडीत स्टार्टची बॅटरी बसली, त्यांनी मूठ तिसऱ्या जागेवर फिरवली, सेल्फ मारला. इंजिन फिरलं नाही, पण कन्सोलमधून जळक्या प्लास्टिकचा वास आला. झाकण उघडून पाहिलं तर दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एका 4 स्क्वेअर एमएमच्या काळ्या वायरने जोडलेले होते. घरात एसीला टाकतात ती वायर. तिचं आवरण मेणासारखं ओघळून शेजारच्या बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये साचलेलं पाणी उपसणाऱ्या) वायरला चिकटलं होतं. सेल्फचा करंट जातो तितकाच परत येतो. परतीची वाट बारीक असेल तर तुमची राखीव बॅटरी भरलेली असूनही उपयोगाची नाही, आणि वर आगीची भीती. दोन्ही निगेटिव्ह स्टार्टच्या केबलइतक्याच जाड केबलने जोडा.

केबलची जाडी अंदाजाने घेऊ नका. तांब्यासाठी साधा हिशेब: 0.0175 गुणिले जाण्या-येण्याची मिळून लांबी मीटरमध्ये, भागिले केबलचे स्क्वेअर एमएम, गुणिले करंट. बॅटरी कन्सोलमध्ये, इंजिनापासून 3 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 6 मीटर, सेल्फ 200 अँपिअर. 35 ची केबल घेतली तर 0.6 व्होल्ट जातात, चालेल. 16 ची घेतली तर 1.3 व्होल्ट, आणि उन्हात थकलेल्या बॅटरीवर तेवढ्याने सेल्फ अडतो. मी अशा ठिकाणी 50 टाकतो. केबल टिन केलेल्या तांब्याची घ्या. वेल्डिंगची केबल स्वस्त आणि लवचिक म्हणून पुष्कळ जण वापरतात. वर्षभराने तिचं आवरण सोलून बघा, तांबं टोकापासून वीतभर आतपर्यंत काळं पडलेलं असतं, चिमटीत घेतलं तर तारा भुकटीसारख्या तुटतात. खारं पाणी केबलीच्या तारांमधून वातीसारखं वर चढतं. म्हणून टोकाला थिंबल (नटाखाली बसणारं धातूचं टोक) हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबायचं आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवायची. हातोडीने ठोकलेलं थिंबल चालणार नाही. नुसत्या डागाच्या (सोल्डरच्या) भरवशावरही राहू नका: बोट थरथरत असते, डाग जिथे संपतो तिथे तार कडक होऊन मोडते. बॅटरीच्या टर्मिनलवरचे फुलपाखरी नट काढून नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) नट लावा, हाताने आवळलेले नट दोन फेऱ्यांत सैल होतात.

फ्यूजबद्दल थोडं सावकाश वाचा. अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघणाऱ्या वायरला 7 इंचांच्या आत फ्यूज हवा, म्हणजे वीतभरही नाही. सेल्फच्या केबलला यातून सूट आहे. आपल्याकडे बहुतेक बोटींत फ्यूजबॉक्स कन्सोलवर असतो आणि बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडी, फ्यूजशिवाय. तीच घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं काही नाही. आणि दोन बॅटऱ्यांना जोडणारी, व्हीएसआरमधून जाणारी केबल दोन्ही टोकांना बॅटरीशी जोडलेली असते, म्हणून तिला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो. एका टोकाचा उडाला तरी दुसऱ्या टोकाकडून करंट येतच राहतो. हा दुसरा फ्यूज मला दहातल्या आठ बोटींत सापडत नाही.

तुमची बोट पेट्रोलची आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बिल्जमध्ये साचते. लेड-अ‍ॅसिड चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हलका, तो झाकणाखाली साचतो आणि हवेत 4 टक्के झाला की पेट घेऊ शकतो. पेट्रोलची टाकी असलेल्या बंद कप्प्यात रिले किंवा स्विच बसवायचाच झाला तर त्यावर इग्निशन प्रोटेक्टेड (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटणार नाही असा) लिहिलेलं हवं; खरं तर तिथे बसवूच नका. बॅटरीच्या डब्याला वरच्या बाजूला भोक ठेवा. बॅटरी पट्ट्याने इतकी घट्ट बांधा की दोन्ही हातांनी जोर लावूनही बोटभराहून जास्त हलता कामा नये. टर्मिनलवर रबरी टोपी हवीच, कारण लॉकरमध्ये नांगराची साखळी फेकली जाते हे मी रोज बघतो.

बिल्ज पंप स्विचच्या आधी, थेट हाउस बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह आणि फ्लोट स्विचसह (पाणी चढलं की आपोआप चालू करणारा) जोडा. तुम्ही घरी असताना मुरिंगवर पाऊस पडला तर तो चालला पाहिजे. त्याने हाउस बॅटरी संपवली तरी व्हीएसआर केव्हाच सुटलेला असेल आणि स्टार्टची शाबूत राहील.

लिथियमचं विचारलंत. लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी असते, जवळजवळ पूर्ण वापरता येते, आणि रसायन म्हणून मोबाईलच्या लिथियमपेक्षा पुष्कळ शांत आहे. पण ती व्हीएसआरला सरळ जोडू नका. ती आराम करत असतानाच 13.2-13.3 व्होल्ट दाखवते. रिले सुटतो 12.8 ला. म्हणजे इंजिन बंद केल्यावरही तो तासन्‌तास जोडलेलाच राहणार आणि तुमचा फ्रिज स्टार्टची बॅटरीही खात बसणार, ज्यासाठी हा सगळा खटाटोप तेच होणार नाही. दुसरं, ती करंट ओरबाडून घेते आणि आउटबोर्डचं चार्जिंग त्यासाठी बनवलेलं नाही. तिच्या आतल्या बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) मध्येच जोड तोडला तर व्होल्टेजची उसळी रेग्युलेटर मारू शकते. लिथियम हवीच तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी ठराविक करंटने भरणारा) टाका, तुमच्या इंजिनाला 20 अँपिअरहून मोठा नको. स्टार्टची बॅटरी मात्र लेड-अ‍ॅसिडच ठेवा आणि तिचे कोल्ड क्रँकिंग अँपिअर (सेल्फला झटका देण्याची ताकद, लेबलवर लिहिलेली असते) मॅन्युअलमध्ये दिल्यापेक्षा कमी घेऊ नका. मे महिन्यात बंद लॉकरचं तापमान कुठे जातं ते हात घालून बघा. लिथियमला 45 अंशांच्या वर चार्ज करणं बहुतेक कंपन्या मना करतात.

चार्जिंगबद्दल बहुतेकांचा समज चुकीचा असतो. या आकाराच्या आउटबोर्डचं चार्जिंग 25-35 अँपिअर लिहिलेलं असतं, ते वरच्या आरपीएमला. गळ ओढत संथ चालताना त्यातला थोडाच भाग बॅटरीला मिळतो, कारण इंजिनाची स्वतःची इग्निशन आणि इंधन पंपही त्यावरच चालतात. घारापुरीहून बेलापूर अर्धा-पाऊण तास. त्यात 10-15 अँपिअर-अवर परत आले तर खूप. 60 काढले, 15 भरले, उरलेले 45 पुढच्या रविवारपर्यंत तसेच रिकामे. अर्धवट उतरलेली लेड-अ‍ॅसिड आठवडाभर पडली की प्लेटांवर सल्फेट धरतं. तुमच्या मुरिंगवर लाइट नाही, म्हणून टी-टॉपवर (कन्सोलवरच्या छतावर) 100 वॉटचं सोलर पॅनेल आणि चांगला कंट्रोलर टाका. स्वच्छ दिवसाला 25-28 अँपिअर-अवर मिळतात, दोन दिवसांत हाउस बॅटरी भरते. बरेच व्हीएसआर दोन्ही बाजूंचं व्होल्टेज बघतात, तेव्हा हाउस बॅटरी भरली की स्टार्टचीही भरू लागते. घेताना हे विचारून घ्या. हिवाळ्यात खाडीत सीगल आले की पॅनेलवर विष्ठेचे थर बसतात, एक कोपरा झाकला तरी करंट बराच खाली येऊ शकतो. प्रत्येक फेरीला एक बादली गोडं पाणी.

हातात धरायच्या जंप स्टार्टरच्या (बसलेल्या बॅटरीवर इंजिन चालू करून देणारी छोटी पेटी) जाहिरातींवर जाऊ नका, पण एक चांगला असू द्या. तो राखीव बॅटरीची जागा घेत नाही, आणि बोटीत ठेवून दिला तर उष्णतेने मरतो. दर फेरीला घरून चार्ज करून न्या.

बसवून झालं की मुरिंगवरच तपासा. बॅटऱ्यांना 12 तास आराम द्या, मग मल्टीमीटर लावा: लेड-अ‍ॅसिड भरलेली असेल तर 12.6 ते 12.8, 12.2 म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना स्टार्टच्या टर्मिनलवर 10 च्या खाली जाऊ नये. त्या वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि सेल्फच्या टर्मिनलवर, दोन्हीकडे मोजा; फरक अर्ध्या-पाऊण व्होल्टहून जास्त आला तर कुठलं तरी थिंबल किंवा नट खराब आहे, हात लावून जो गरम लागेल तो. इंजिन 2000 आरपीएमला ठेवून दोन मिनिटं थांबा, व्हीएसआरची टक् ऐका आणि हाउस बॅटरी 13.5 च्या वर जाते का बघा. शेवटी स्टार्टच्या बॅटरीचा पॉझिटिव्ह काढून टोपी लावा, मूठ तिसऱ्या जागेवर करा आणि नुसत्या हाउस बॅटरीवर इंजिन चालू करून दाखवा. ही चाचणी घेतल्याशिवाय मी बोट ताब्यात देत नाही. तुमच्याबरोबर बोटीवर जो येतो त्यालाही एकदा ती मूठ फिरवायला लावा, आणि व्हीएचएफचं आणीबाणीचं चॅनल 16 व तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर कन्सोलवर चिकटवून ठेवा.

जूनमध्ये बोट वर काढाल तेव्हा दोन्ही बॅटऱ्या घरी न्या, महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा.

तुमच्या मॅन्युअलमधलं बॅटरी आणि केबलचं पान, ट्रान्समपासून कन्सोलपर्यंत केबल ज्या वाटेने जाईल त्या वाटेची दोरीने मोजलेली लांबी, आणि टाकी कुठल्या कप्प्यात आहे एवढं कळवा. केबलचा आणि सगळ्या फ्यूजचा नेमका आकार काढून देतो.